सर शिकवायचे मात्र छान

वंशावळ शोधायला शिकवणाऱ्या एका सरांनी मला 36,000 रुपयांना गंडवलं. रागापेक्षा लाज जास्त, म्हणून वर्षभर गप्प होतो. परवा त्यांच्या नव्या वर्गाची जाहिरात पाहिली आणि लिहायला बसलो.

माणूस शिकवायचा उत्तम, हे आधीच कबूल करतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, त्याच लाटेत यांचा रविवारचा वर्ग निघाला. घरापासून सुरुवात करा, म्हणायचे. आजोबांचा शाळेचा दाखला, जुने फेरफार, मग गाव नमुना 14, म्हणजे आपलं कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की त्यांच्या चोपड्यात पूर्वजांच्या नोंदी सापडू शकतात, हेही त्यांनीच सांगितलं. साठ संवत्सरांची नावं (दर वर्षाला एक, साठ झाली की पुन्हा पहिल्यापासून) तर पाठच करून घेतली. सगळं खरं होतं. म्हणून तर फसलो.

माझं घोडं खापरपणजोबांपाशी अडलं. सर म्हणाले, "काका, तुमचं घराणं साधं दिसत नाही. पेशवे दफ्तर, म्हणजे पुण्यातली पेशवेकाळची जुनी कागदपत्रं, बघावी लागतील. मी स्वतः बसतो." घराणं साधं नाही म्हटल्यावर कुणाची छाती फुगत नाही? 15,000 आगाऊ दिले, बाकीचे काम झाल्यावर.

अडीच महिन्यांनी बारा पिढ्यांचा तक्ता आला. सोबत शके 1671 च्या मोडी पत्राची रंगीत प्रत: आमच्या मूळपुरुषाला शाहू महाराजांकडून इनाम! घरी पेढे वाटले. उरलेले 21,000 त्याच संध्याकाळी पाठवले.

पुढे हौस म्हणून ते पत्र मी स्वतः अक्षर लावून वाचायला घेतलं. संवत्सर लिहिलं होतं 'विजय'. शिवराज्याभिषेकाचं शके 1596 म्हणजे आनंद संवत्सर, तिथून वहीत मोजत आलो. 1671 ला येतं 'शुक्ल'. विजय यायला अजून चोवीस वर्षं! पुन्हा मोजलं, तेच. मग एकेक दिसायला लागलं. गावापुढे 'जिल्हा सातारा'. शके 1671 म्हणजे इसवी सन 1749. तेव्हाच्या पत्रात प्रांत असेल, परगणा असेल, तर्फ असेल. जिल्हा कुठून आला? मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत न्यायची, शब्द तोडायचे नाहीत. इथे प्रत्येक शब्दानंतर छापल्यासारखी जागा सोडलेली.

वर्गातल्या एका ताईंना फोन केला. त्यांच्याही मूळपुरुषाला इनाम मिळालेलं. त्यांनी फोटो पाठवला. नाव-गाव वेगळं, पण डाव्या कोपऱ्यात कसरीने खाल्लेलं भोक अगदी तेच, त्याच जागी.

सरांकडे रुमाल क्रमांक मागितला. दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात आणि रुमालांना क्रमांक असतात, हे त्यांनीच शिकवलेलं. म्हणाले, "ते गोपनीय असतं." पुण्याच्या पुराभिलेखागारात अर्ज करून कागद बघता येतात, त्यात गोपनीय काय? दुसऱ्यांदा विचारलं तर, "काका, तुम्हाला पूर्वजांचा अभिमान नाही का?" त्यानंतर फोन लागलाच नाही. पोलीस ठाण्यातही हात हलवत परतलो, कारण पावतीवर कामाचा उल्लेखच नव्हता, नुसतं 'मार्गदर्शन शुल्क'.

पैसे गेले ते गेले. पुतण्या हा तक्ता जातपडताळणीच्या अर्जाला जोडायला निघाला होता. बनावट पुरावा दिला म्हणून तोच अडकला असता. तेव्हा असं काम कुणाला द्यायचंच असेल तर रुमाल क्रमांक लेखी घ्या, दफ्तराचा शिक्का असलेली प्रत मागा, ती दुसऱ्या मोडी जाणकाराकडून वाचून घ्या आणि मगच उरलेले पैसे द्या. पावतीवर काय काम ते स्पष्ट लिहून घ्या.

थोरल्या भावाने तो तक्ता फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. त्याला सगळं सांगितलं. "असू दे रे, पाहुणे बघतात," म्हणाला.