हिरव्या खेकड्यांचं दुकान: साडेतीन तारे, रस्स्याला पाच

बॉस्टनहून तासभर उत्तरेला, इप्सविचच्या पुढे खाडीकाठी मासळीचं एक टपरीवजा दुकान आहे. तिथे ग्रीन क्रॅब जिवंत मिळतात. मी दोन डझन मागितले तर काउंटरवरचे आजोबा म्हणाले, "गळाला लावायला ना?" म्हटलं, नाही, जेवायला. त्यांनी आतून बायकोला बोलावून मला दाखवलं!

हा खेकडा इथला नव्हे. युरोपातून जहाजांबरोबर आला, मॅसॅच्युसेट्समध्ये त्याची नोंद १८१७ सालची. १९८९ मध्ये तो पार पलीकडच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत निघाला. मादी एका वेळी लाखाच्या वर अंडी घालते आणि पिल्लं कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात, मग काय! इप्सविचचे शिंपले (आपल्या तिसऱ्यांचे थोरले भाऊ समजा) प्रसिद्ध, पण त्यांची पिल्लं हा फस्त करतो. शिवाय पाण्याखालचं गवत उकरून टाकतो ते वेगळंच.

ओहोटी होती म्हणून आजोबांनी मागच्या दारी नेलं. खाऱ्या गवताच्या कडेचा चिखल, ओलं शेवाळ, जिथे हात घालाल तिथे हेच. ओळखायची खूण, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच काटे. पलीकडे दगडांत मात्र पट्टेरी पायांचे, बोटाच्या पेराएवढे दुसरेच खेकडे. ते आशियातले, १९८८ ला न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडले, आणि आता दगडांखालून यांनाच हुसकावतात. चोरावर मोर.

आता तक्रार. आजोबांनी खेकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधून दिलं. घरी पोचेपर्यंत सात मेले. मेलेला खेकडा मी रांधत नाही, सातही कचऱ्यात. दीड तारा त्याचा कापला.

उरलेल्या सतरांत मांस शोधू नका, चिंबोरीची सर नाही. तळहातापेक्षा लहान जीव, नांगी फोडेपर्यंत भात निवतो. रेवदंड्याला आई मुठ्यांचं करायची तसं केलं: पाठ काढून, स्वच्छ धुऊन, सगळेच मिक्सरला फिरवले, पाणी घालून दोनदा गाळले. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आगळ, वर तो करडा रस. उकळी येताना रस फाटल्यासारखा दाटतो, तेव्हा ढवळत राहायचं. वास असा सुटला की वरच्या मजल्यावरचे कोल्हापूरकर चपला न घालता खाली आले.

पुढच्या खेपेला सात मेल्याचं सांगितलं तर आजोबांनी हिशेब न करता मूठभर जास्त टाकले. मी बादली आणि ओलं गोणपाट नेलं होतं, एकही मेला नाही. तुम्हीही न्या, आणि आधी फोन करा. सोमवारी बंद असतं.