कन्सोलवरून मांडलेला कॅटॅलिस्ट २९६०-एक्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी आम्ही सिस्कोचा २४ पोर्टचा कॅटॅलिस्ट २९६०-एक्स हा वापरलेला स्विच (संगणकांना एका नेटवर्कमध्ये जोडणारे उपकरण) घेतला. ही मालिका आता जुनी झाली असली तरी प्रयोगशाळेच्या गरजेला ती पुरून उरते आणि मी हाच स्विच पुन्हा घेईन; मात्र त्याचे कॉन्फिगरेशन कन्सोलवरूनच, म्हणजे स्विचला थेट केबलने जोडलेल्या संगणकावरूनच करावे, असे माझे ठाम मत आहे. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कमार्गे काम करताना व्यवस्थापनाचा व्हीलॅन (नेटवर्कचा आभासी विभाग) किंवा ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारा दुवा) बदलला, की ज्या वाटेने आत आलो तीच बंद होऊ शकते. कन्सोल नेटवर्कवर अवलंबून नसल्यामुळे तिथे ही धास्ती राहत नाही.

पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये सिरियल निवडून वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ आणि फ्लो कंट्रोल बंद, एवढे ठेवले की पुरते. स्विचला आरजे-४५ आणि मिनी यूएसबी असे दोन कन्सोल पोर्ट आहेत. दोन्हींना केबल जोडलेली असेल तर टाइप केलेले फक्त यूएसबीकडूनच स्वीकारले जाते आणि दुसरी केबल उगाचच नादुरुस्त वाटू लागते.

वापरलेला स्विच घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी. ‘राइट इरेज’ या आदेशाने स्टार्टअप कॉन्फिगरेशन (स्विच सुरू होताना वाचले जाणारे) पुसले जाते, पण व्हीलॅनची यादी फ्लॅशमधील ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये तशीच राहते. असा स्विच ट्रंकने चालू नेटवर्कला जोडला, दोन्हीकडचे व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये आपोआप पसरवणारी सिस्कोची पद्धत) डोमेन जुळले आणि त्याचा रिव्हिजन क्रमांक (यादीतील बदलांगणिक वाढणारा) मोठा निघाला, तर तो आपली जुनी यादी साऱ्या नेटवर्कवर लादतो. म्हणून आम्ही ती फाइलही पुसली, स्विच रीलोड केला आणि व्हीटीपी ट्रान्सपरंट मोडवर ठेवला, म्हणजे तो आपली यादी इतरांवर लादत नाही.

बदल केला की तो लगेच लागू होतो, पण ‘राइट मेमरी’ने जतन करेपर्यंत फक्त रनिंग (त्या वेळी चालू असलेल्या) कॉन्फिगरेशनमध्येच असतो. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण चाचणी होईपर्यंत जतन न करण्याची शिस्त पाळली, तर काही बिघडल्यास रीलोड करून मागे जाता येते. विद्यार्थ्यांच्या पोर्टांवर पोर्टफास्टबरोबर (पोर्ट लगेच सुरू करणारी सोय) बीपीडीयू गार्ड (पोर्टवर दुसऱ्या स्विचचे संदेश आल्यास तो बंद करणारी सोय) लावल्यानंतर मी त्यांतल्या एका पोर्टला मुद्दाम दुसरा स्विच जोडला. कन्सोलवर तत्काळ संदेश आला, पोर्टचा दिवा नारिंगी झाला आणि ‘शो इंटरफेसेस स्टेटस’मध्ये तो पोर्ट ‘एर-डिसेबल्ड’ (दोषामुळे बंद) दिसला. त्यानंतर ‘शटडाउन’ आणि ‘नो शटडाउन’ देऊन तो पुन्हा सुरू केला.

सर्वाधिक उपयोग मात्र केबल तपासणीचा झाला. एका संगणकाची लिंक १,००० ऐवजी १०० मेगाबिटवरच येत होती आणि केबल टाकणारा ठेकेदार दोष संगणकाचाच असल्याचे सांगत होता. ‘टेस्ट केबल-डायग्नॉस्टिक्स टीडीआर’ ही केबलमधील दोष आणि त्याचे अंतर शोधणारी चाचणी चालवल्यावर तारांच्या चारपैकी दोन जोड्या ‘ओपन’ (तुटलेल्या) निघाल्या आणि समोर आलेले अंतर भिंतीतल्या जॅकपर्यंतच्या लांबीशी जुळत होते. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे वादाला जागाच उरली नाही. जॅक नव्याने पंच केल्यावर, म्हणजे त्यात तारा पुन्हा बसवल्यावर लिंक गिगाबिटवर आली. मात्र ही चाचणी चालू असताना त्या पोर्टची लिंक तुटते, म्हणून ती प्रात्यक्षिकाच्या तासांबाहेरच घ्यावी.