आठवड्याचे १६८ तास कशात मोजायचे? आठवण, फोन, टायमर की वही

कोपरखैरण्याची माझी नणंद घरून डबे देते. दुपारचे अठरा, रात्रीचे अकरा. मागच्या महिन्यात तिने डब्यामागे दहा रुपये वाढवायचं ठरवलं, तर एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, घरच्या घरी तर करता, वेळ असा कितीसा जातो?" तिला चटकन आकडा सांगता आला नाही. संध्याकाळी मला फोन. "वहिनी, तू मागे वेळेचा हिशोब लिहीत होतीस ना? कशात लिहायचीस?"

दीड वर्षात मी चार तऱ्हांनी एकेक आठवडा मोजला आहे. तिला फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते इथे सलग मांडते. आधी माझं घर सांगायला हवं, कारण कोणती पद्धत चालेल हे घरावर ठरतं. मी घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहते, नोकरी ऐरोलीला. घरात नवरा आहे, तो घरूनच भाषांतराची कामं करतो आणि तासावर बिल लावतो. मुलगी आठवीत. आणि सासूबाई, ज्यांच्या गोळ्यांच्या वेळा चुकवून चालत नाहीत.

एका मंगळवारी मी चारही पद्धती एकदम चालवल्या. त्या दिवशीची फक्त संध्याकाळ, साडेसहा ते साडेनऊ, प्रत्येकीत कशी दिसली ते बघा.

आठवणीतून, म्हणजे रविवारी दुपारी बसून लिहिलं तेव्हा: "ऑफिसातून आले, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, जेवण." बस. बाकीच्या चार दिवसांच्या संध्याकाळीही मी याच शब्दांत लिहिल्या होत्या.

फोनने आपणहून मोजलं ते: युट्यूब ४१ मिनिटं, व्हॉट्सॲप २२, कॉल १८. यातली युट्यूबची ४१ मिनिटं माझी नव्हतीच. मुलगी माझ्या फोनवर विज्ञानाचा धडा बघत होती आणि मी ओट्यापाशी होते.

टायमरच्या ॲपने: "प्रवास, ३ तास १० मिनिटं." ऑफिसातून निघताना चालू केला, घरी पोचल्यावर हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली, बंद करायचा राहिला. ओटा पुसून झाल्यावर आठवलं.

आणि वहीत: ६.३० ऐरोली स्टेशन, गाडी. ७.०० ठाणे, नऊ नंबरवरून बाहेर, बसची रांग. ७.३० बस, कापूरबावडीला अडकली. ८.०० भाजी, जिना, हातपाय. ८.३० कुकर, सोबत गणित, सोबत आईंच्या गोळ्या. ९.०० पोळ्या, सोबत ऑफिसचा फोन.

एकच संध्याकाळ, पण चार वेगळ्या बायकांची वाटावी इतकी वेगळी.

रविवारची आठवण

हिच्यावर फार वेळ घालवत नाही. फुकट आहे, सोपी आहे आणि चुकीची आहे. अमेरिकेत जॉन रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञांनी लोकांनी अंदाजाने सांगितलेले कामाचे तास आणि त्यांच्याच रोजनिशीतून निघालेले तास ताडून पाहिले होते. जितके जास्त तास सांगितले, तितका अंदाज रोजनिशीपेक्षा फुगलेला. माझं प्रवासाबाबत उलटं झालं. मी धरून चालले होते की जाऊन-येऊन रोजचे दोन तास, म्हणजे आठवड्याला दहा. वहीने दाखवले साडेचौदा. रांगेत उभं राहिलेला वेळ आठवणीत राहतच नाही.

सरकारसुद्धा आठवडाभराचं आठवून सांगा असं विचारत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत फक्त आदल्या दिवसाचे चोवीस तास विचारले जातात, पहाटे चार ते पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून. म्हणून आठवणीवरच भागवायचं असेल तर निदान रोज रात्री आजचा दिवस लिहा. रविवारपर्यंत थांबू नका.

फोन आपणहून मोजतो ते

ॲन्ड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम. दोन्ही २०१८ पासून आहेत, वेगळं काही घ्यावं लागत नाही. कोणतं ॲप किती वेळ उघडं होतं, फोन किती वेळा उघडला, नोटिफिकेशन किती आली, सगळं दिसतं. तुमचा प्रश्न "मी फोनमध्ये किती वेळ घालवतो" एवढाच असेल तर इथेच थांबा, बाकी काही वाचायची गरज नाही. मुलांना हातात फोन देत असाल तर मात्र ते आकडे घरातल्या सगळ्यांचे मिळून समजा.

गुगल मॅप्समधलं टाइमलाइन प्रवासासाठी बऱ्यापैकी कामाचं आहे. ते आपण चालू करावं लागतं आणि आता त्याची नोंद आपल्या फोनमध्येच राहते. घरून कधी निघालो, ऑफिसात कधी पोचलो हे त्यात चोख येतं. पण ठाणे स्टेशनला बसच्या रांगेतली वीस मिनिटं आणि बसमधली पंचवीस मिनिटं ते मला वेगळी काढून देऊ शकलं नाही. मला नेमकी तीच हवी होती.

आणि फोन बाजूला ठेवून केलेलं काहीच फोनला कळत नाही. नणंदेचे हात पहाटेपासून कणकेत. तिचा फोन सांगेल की बाई सकाळभर रिकामी होती.

टायमरचं ॲप

टॉगल ट्रॅक, क्लॉकिफाय ही यातली माहितीतली नावं. दोन्हींची फुकट आवृत्ती एकट्या माणसाला पुरते. कामाचं नाव टाकायचं, बटण दाबायचं, संपलं की पुन्हा दाबायचं. आठवड्याच्या शेवटी रंगीत तक्ता तयार, बेरीज करायला नको.

माझ्या नवऱ्याला हेच चालतं आणि त्याने दुसरं काही वापरू नये असं मी त्याला सांगेन. तो एका जागी बसतो, एका वेळी एकाचंच काम करतो, समोर लॅपटॉप उघडा असतो. मध्येच चहाला उठला आणि कीबोर्डला बराच वेळ हात लागला नाही, तर लॅपटॉपवरचं टॉगल परत आल्यावर विचारतं की हा मोकळा वेळ धरायचा की काढून टाकायचा. तो काढून टाकतो. त्याच्या बिलावर गिऱ्हाइकाने शंका काढली तेव्हा त्याने तो अहवाल तसाच पाठवला, पुढे एक शब्द बोलावा लागला नाही. वकील, सीए, डिझायनर, शिकवणीवाले, ज्यांचा तास विकला जातो त्यांनी बिनधास्त हे घ्यावं.

मी हे ॲप आठवडाभर वापरलं तेव्हा एकवीस वेळा बंद करायला किंवा बदलायला विसरले. एका रात्री "ईमेल" नावाखाली साडेसात तास नोंदले गेले, त्यातले सात मी झोपले होते. दुरुस्त करता येतं, पण ते दुरुस्त करणं म्हणजे पुन्हा आठवणीवर आलं. ओल्या हाताने फोन उघडत नाही, हाही रोजचा प्रश्न. पण माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. टायमर असं धरून चालतो की माणूस एका वेळी एक काम करतो. साडेआठ वाजता माझ्याकडे कुकरची दुसरी शिट्टी, बैजिक राशी आणि आईंची रक्तदाबाची गोळी एकदम असतात. त्यातलं कोणतं बटण दाबू? "स्वयंपाक" दाबलं की मुलीचा अभ्यास घेतल्याचं कुठेच येत नाही, आणि आठवड्याच्या तक्त्यात दिसतं की मी मुलीसाठी दीड तासच दिला. तो तक्ता बघून मला खूप वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटायचं काही कारण नव्हतं.

वही

शंभर पानी साधी वही, आणि दोरीने बांधलेली पेन्सिल, फ्रिजच्या हँडलला. पेन्सिल बांधणं महत्त्वाचं आहे, नाहीतर ती कंपासपेटीत जाते.

पान उभं आखायचं. डावीकडे वेळ, मध्ये "काय केलं", उजवीकडे अरुंद रकाना: "सोबत". हा सोबतचा रकाना सोडू नका, सगळी मेख त्यातच आहे. दिवस पहाटे चारला सुरू करा, सरकारी पाहणीसारखा. म्हणजे रात्री साडेबाराला संपलेलं काम दोन तारखांत तुटत नाही.

चौकोन किती मोठा? मी पंधरा मिनिटांचे करून पाहिले. आठवड्याचे ६७२ होतात. अडीच दिवसांत हात टेकले. तासाचे केले तर ठाणे-ऐरोली गाडीची जेमतेम दहा-बारा मिनिटं आणि प्लॅटफॉर्मवरची वाट एकाच शब्दात बुडून जातात. अर्ध्या तासाचे ३३६ चौकोन जमतात. त्यातही झोपेचे आणि ऑफिसचे सलग एका रेघेत भरता येतात, प्रत्यक्ष लिहायचे रोज वीस-बावीसच उरतात.

दर अर्ध्या तासाने वहीपाशी धावायचं नाही. दिवसात चार थांबे ठरवा. माझे होते सकाळी गाडीत उभ्याने, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी घरी आल्यावर पाणी पिताना आणि झोपताना. बाहेर असताना पर्समध्ये घडी घातलेला कागद, घरी आल्यावर वहीत उतरवायचा. चार तासांमागचं बरोबर आठवतं. चार दिवसांमागचं आठवत नाही.

वहीचे दोष आहेत आणि ते लपवत नाही. बेरीज हाताने करावी लागते, रविवारी तास-सव्वा तास जातो. कामांचे प्रकार सात-आठाच्या वर नेले की ती बेरीज होतच नाही. कणकेचे बोट लागून दोन ओळी पुसट होतात.

आणि फ्रिजवर टांगलेली वही सगळे वाचतात. पहिल्या आठवड्यात एका शुक्रवारी मी ठाण्याला उतरून बसच्या रांगेत न जाता तलावपाळीवर गेले आणि कट्ट्यावर अर्धा तास नुसती बसले. वहीत लिहिताना हात अडला. मी "भाजी" लिहिलं. घरात कुणी काही म्हटलं नसतं, तरी लिहिलं. खोटा चौकोन असलेली वही काय कामाची? पुढच्या वेळी मी स्वतःपुरती एक खूण ठरवली, नुसता "क". तुमच्या घरात तेवढीही मोकळीक नसेल तर वही टांगू नका, उशाशी ठेवा, किंवा कुलूप लागणाऱ्या फोनमध्ये साधी शीट करून तेच रकाने आखा. गुगल शीटमध्ये बेरीजही आपोआप होते. मला मोबाइलवर ते बारीक चौकोन भरणं जमलं नाही, पण मुलीच्या वयाच्या पोरांना जमेल.

कागदावर लिहायची सवय फार दिवस टिकत नाही असं म्हणतात. पण अलेक्सांद्र ल्युबिश्चेव नावाच्या रशियन कीटकशास्त्रज्ञाने १९१६ पासून १९७२ मध्ये जाईपर्यंत आपल्या वेळेची नोंद कागदावरच ठेवली. आपल्याला तर एकच आठवडा हवा आहे. मात्र साधा आठवडा निवडा. गणपती, परीक्षा, घरात पाहुणे असं काही नसलेला. आणि पहिले दोन दिवस आपण नकळत शहाण्यासारखे वागतो, टीव्ही कमी बघतो, लवकर उठतो. म्हणून मी आता नऊ दिवस लिहिते आणि पहिले दोन बेरजेत धरत नाही.

कुणी काय घ्यावं

तास विकत असाल तर टायमर. फोनची सवय मोडायची असेल तर फोनमधलंच. ऑफिसचा प्रवास तपासायचा असेल तर टाइमलाइन आणि जोडीला तीन दिवस कागद. माझ्या साडेचौदा तासांत गाडीचे जेमतेम दोन होते. बाकी सगळं घोडबंदर रोड आणि रांगा. तो आकडा घेऊन मी साहेबांकडे गेले आणि आठ ते पाचची वेळ मागून घेतली. आता आठवड्याला साधारण तीन तास वाचतात.

पण घर चालवत असाल, मग नोकरी असो वा नसो, तर वहीच घ्या. २०२४ च्या त्या सरकारी पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं निघालं, ते करणाऱ्या पुरुषांचा ८८. एवढा वेळ मोजायचा तर ज्यात एकाच चौकोनात तीन कामं लिहिता येतात असं साधन हवं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नवरा फ्रिजसमोर उभा राहून "सोबत"चा रकाना वाचत होता. त्या रात्रीपासून आईंच्या गोळ्या तो देतो. मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

नणंदेने वही घेतली. पहिल्या पानाचा फोटो काल आला. ४.३० कणीक, सोबत भाजी चिरणं. ५.०० भाज्या दोन, सोबत मुलाला उठवणं. अकराच्या चौकोनात लिहिलंय, "डबे भरून तयार. पोऱ्याची वाट." साडेअकराच्या चौकोनात पुन्हा तेच. खाली तिने पेन्सिलीने विचारलंय: "वहिनी, हा तास पण डब्यातच धरायचा ना?"

मी "हो" म्हणून कळवलं.