जाधव की साळुंखे? डीएनए चाचणी आणि कोतवाल बुक यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

शाळेच्या जनरल रजिस्टरात आमच्या आजोबांचे आडनाव जाधव आहे. मात्र वडिलांच्या नावाच्या रकान्यात ज्यांचे नाव आहे ते त्यांचे वडील नसून मामा होते, असे आजी सांगत असे. पाटण तालुक्यातून गिरणगावात आलेल्या मामांनी पोरक्या भाच्याला स्वतःच्या नावावर शाळेत घातले, की आजोबा त्यांचेच पुत्र होते, याचा उलगडा व्हावा म्हणून आम्ही एका परदेशी कंपनीची डीएनए चाचणी करून घेतली.

वडिलांचे वय 77. नळीवरच्या रेषेपर्यंत लाळ भरायला त्यांना पाऊण तास लागला, आणि तरीही पहिला नमुना अपुरा ठरला. दुसरा संच विनामूल्य मिळाला, पण त्यात पाच आठवडे गेले. घरातील वृद्धांची चाचणी करायची असेल तर सकाळी, काही खाण्यापिण्याआधी आणि घाई न करता करावी.

अहवालातील वंशाच्या टक्केवारीचा रंगीत तक्ता आमच्या काहीच उपयोगाचा नव्हता. कंपनीच्या संग्रहातील नमुन्यांशी तुलना करून काढलेली ती टक्केवारी एका तालुक्यातील दोन घराण्यांत भेद करू शकत नाही. खरा उपयोग झाला तो मामांच्या नातवाने, म्हणजे आमच्या काकांनी, चाचणीला संमती दिली तेव्हा. आजोबा मामांचे पुत्र असते तर वडील आणि काका सख्खे चुलत भाऊ ठरले असते आणि दोघांचा सुमारे 12.5 टक्के डीएनए जुळला असता. आजोबा भाचे असतील तर हे प्रमाण सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास असते. आमचे आले 3.4. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांतच सोयरिकी होत आल्याने असा आकडा फुगू शकतो, म्हणून तो इतका लहान असणे मला अधिक विश्वासार्ह वाटले. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची स्वतंत्र चाचणीही केली, आणि ती दोघांची मुळीच जुळली नाही. आजी खरे सांगत होती.

मात्र आजोबांचे वडील कोण, हे कोणत्याही चाचणीने सांगितले नाही. ते सांगितले कोतवाल बुकाने, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीने. मामांच्या गावच्या जन्मनोंदी आम्ही पूर्वी पाहिल्या होत्या, पण बाप म्हणून मामांचेच नाव शोधत राहिल्याने हाती काही लागले नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि जन्माची नोंद जिथे मूल जन्मते तिथेच होते, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. मोडी वाचकांना सोबत घेऊन पुन्हा बसलो, तेव्हा 1916 च्या पानावर आजोबांच्या आईचे नाव सापडले आणि शेजारी एका परक्या पुरुषाचे नाव, आडनावाशिवाय, फक्त 'राहणार' म्हणून पलीकडच्या गावाचा उल्लेख. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्याने गावाच्या नावावरून थोडा वाद झाला, तो नकाशा पाहून मिटला.

त्या गावच्या मृत्यूनोंदींत 1918 चा ऑक्टोबर महिना उघडला आणि मी काही वेळ पुढे वाचूच शकलो नाही. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी असणाऱ्या त्या पुस्तकात अक्षर बारीक करत, समासातसुद्धा नावे कोंबलेली होती आणि कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ 'ताप', 'ताप'. इन्फ्लुएंझाची ती साथ होती. त्यातली अकरावी नोंद माझ्या पणजोबांची.

आडनाव मिळाले नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वहीत. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी शके 1838 (इ.स. 1916-17) मध्ये आलेल्या पणजोबांचा लेख गावाच्या नावाने शोधता आला, आणि त्यात साळुंखे लिहिले आहे. साळुंखे त्या भागात पुष्कळ असल्याने एवढ्यावर मी विसंबलो नसतो. परंतु गाव, वडिलांचे नाव आणि आजोबांचे नाव, तिन्ही कोतवाल बुकाशी जुळतात.

ज्यांच्या मनात एक नेमका प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाशी संबंधित दोन जिवंत माणसे राजीखुशीने तयार आहेत, त्यांनी ही चाचणी अवश्य करावी. काकांना मी आधीच विचारले होते की उत्तर नकोसे आले तरी चालेल का. ते विचारल्याशिवाय कुणाचा नमुना घेऊ नये. निकाल उतरवून घेतल्यावर दोन्ही नमुने नष्ट करण्याची विनंतीही आम्ही कंपनीला केली.

परवा आजीच्या धाकट्या बहिणीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, तुझ्या बापाच्या लग्नात देवकाला जाधवांसारखे पंचपल्लव नव्हतेच, तुझ्या आजोबांनी हट्टाने साळुंकीचे पीस बांधले होते. येत्या वैशाखात माझ्या मुलीचे लग्न आहे, आणि या वेळी ते पीस कुठून आणायचे याची चौकशी वडिलांनी आतापासूनच सुरू केली आहे.