सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हर डीआय, दुसरी आवृत्ती: अ‍ॅम्प नसलेल्या स्टेजसाठी

गणेशोत्सवाचा मांडव, कॉलेजचं गॅदरिंग किंवा नाट्यगृहातला ऑर्केस्ट्रा, कुठेही बेस अ‍ॅम्प मिळेलच असं धरून चालता येत नाही. गिटारवाल्याला काहीतरी मिळतं, ड्रमला माइकवर माइक लागतात आणि बेसवाल्याच्या पायाशी साउंडवाला एक साधा डीआय बॉक्स (बेस गिटारचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी) आणून ठेवतो. त्यातून बेस मिक्सरपर्यंत पोचतो, पण कोरडाठक. बोटांची घासाघीस ऐकू येते, स्वराला अंग मात्र नसतं. अमेरिकेच्या टेक २१ कंपनीचा सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हर डीआय हा पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची पेटी, ही उणीव भरून काढायलाच बनवलेला आहे. माझं मत आधीच सांगतो. नियमित लाइव्ह वाजवणाऱ्याने अ‍ॅम्पवर पैसे घालण्याआधी हा घ्यावा. मात्र त्यातले ब्लेंड आणि मिड हे दोन नॉब नीट समजून घ्यावेत, कारण या पेडलबद्दलच्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात.

कंपनीचे संस्थापक अँड्र्यू बार्टा यांनी पहिला सॅन्सअ‍ॅम्प १९८९ मध्ये काढला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, त्याचा स्पीकर आणि स्पीकरसमोरचा माइक या तिन्हींचा मिळून होणारा परिणाम एका छोट्या पेटीत आणायचा, ही त्यामागची कल्पना. बेस ड्रायव्हर हे त्याच घरातलं बेससाठीचं रूप. आतलं सर्किट पूर्ण अ‍ॅनालॉग आहे, त्यामुळे मेनू नाहीत, प्रीसेट नाहीत आणि स्वर उशिरा पोचण्याचा प्रश्नही नाही. मोठ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर बेस थोडा फुटायला लागतो तेव्हा त्यात जी गुरगुर येते, ती हा पेडल खूप चांगली देतो. दहा इंची आठ स्पीकरची पेटी मागे उभी असताना पँटची शिवण हलते, तो अनुभव यातून मिळणार नाही. श्रोत्यांपर्यंत पोचणारा आवाज मात्र तसा होतो.

नॉब सात आहेत: लेव्हल, ब्लेंड, ट्रेबल, मिड, बेस, ड्राइव्ह आणि प्रेझेन्स. ट्रेबल, मिड आणि बेस हे वरचे, मधले आणि खालचे स्वर कमीजास्त करतात, ड्राइव्ह आवाज किती फुटायचा ते ठरवतो आणि प्रेझेन्स वरची चकाकी. यातले ड्राइव्ह आणि प्रेझेन्स फक्त अ‍ॅम्पच्या नकलेवर काम करतात. ब्लेंड ठरवतो की तुमचा मूळ सिग्नल किती आणि ती नक्कल किती. ब्लेंड पूर्ण डावीकडे नेला की नक्कल बंद होते, पण लेव्हल आणि टोनचे नॉब चालूच राहतात. म्हणजे हा पेडल आवाजाची पातळी आणि टोन घडवणारा स्वच्छ प्रीअ‍ॅम्प म्हणूनही वापरता येतो, आणि भावगीत, नाट्यगीत किंवा गझलेच्या कार्यक्रमात तसाच वापरावा.

ब्लेंड पूर्ण उजवीकडे नेला तर काय होतं ते नीट पाहा. अ‍ॅम्पच्या नकलेत मधल्या पट्ट्याला मुळातच खळगा आहे. खोलीत एकट्याने वाजवताना तो खळगा फार गोड लागतो: खाली घुमारा, वर चकाकी. बँड सुरू झाला की घुमारा किक ड्रममध्ये बुडतो, चकाकी झांजेखाली जाते आणि बेस ऐकूच येत नाही. मग माणूस लेव्हल वाढवतो, साउंडवाला फेडर (मिक्सरवरची पातळीची सरकपट्टी) खाली ओढतो आणि दोघंही वैतागतात. पहिल्या आवृत्तीत मिडचा नॉबच नव्हता, त्यामुळे हे दुखणं मिक्सरवर निस्तरावं लागे. दुसऱ्या आवृत्तीत मिड आहे आणि तो ५०० हर्ट्झवर चालवायचा की १००० वर, हे ठरवणारं बटणही आहे. तसंच बेसच्या नॉबला ४० आणि ८० हर्ट्झ असे दोन पर्याय आहेत. पहिल्या आवृत्तीचा पेडल कमी किमतीत मिळत असला, तरी एवढ्या दोन गोष्टींसाठी मी दुसरी आवृत्तीच घ्यायला सांगेन.

सुरुवात अशी करा. टोनचे तिन्ही नॉब मध्यावर म्हणजे घड्याळाच्या बाराच्या जागी, ड्राइव्ह नऊवर, प्रेझेन्स नऊवर, ब्लेंड बारावर, मिड ५०० वर आणि बेस ८० वर. पायाने पेडल चालू-बंद करत लेव्हल अशी लावा की दोन्ही स्थितींत आवाजाची पातळी सारखी राहील. हे साउंड चेकच्या आधी करायचं काम आहे. नाहीतर गाण्याच्या मध्येच पेडल दाबल्यावर मिक्सरवरचा दिवा लाल होतो आणि पुढचा कार्यक्रमभर साउंडवाला तुमचा फेडर दाबून ठेवतो. पातळी जुळली की मिड थोडा वाढवा, साधारण एक किंवा दोनपर्यंत. मग ड्रमरला वाजवायला सांगून ब्लेंड ठरवा. एकट्याने वाजवून ब्लेंड ठरवू नका.

रॉकसाठी ब्लेंड दोन-तीनपर्यंत आणि ड्राइव्ह बारापर्यंत चालतो. पिकने वाजवत असाल तर प्रेझेन्स नऊच्याही खाली ठेवा. तारा नव्या राउंडवाउंड (खरबरीत गुंडाळीच्या) असतील तर प्रेझेन्स जवळजवळ बंदच ठेवलेला बरा, कारण फ्रेटवर तार आपटल्याची प्रत्येक खडखड तो मोठी करून बाहेर पाठवतो. ज्या बेसचं सेटअप बिघडलेलं आहे, मान वाकलेली आहे किंवा तारा फ्रेटला लागतात, त्याचे दोष या पेडलमधून लपत नाहीत. उलट नागडे होतात. आधी सेटअप करून घ्या.

तबल्याबरोबर वाजवताना विचार वेगळा लागतो. डग्ग्याची घुमक आणि बेसच्या खालच्या तारा एकाच भागात बसतात. तिथे बेसचा नॉब वाढवला की दोघांचाही चिखल होतो. अशा वेळी बेसचा नॉब अकराच्या आसपास, मिड ५०० वर ठेवून थोडा वर, ब्लेंड शून्य किंवा नऊच्या आत. बेसचा स्वर मग मधल्या पट्ट्यात उभा राहतो आणि डग्ग्याला त्याची जागा मिळते. ऑर्केस्ट्रात हाच संघर्ष कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताशी होतो. त्यावर कुठलाच पेडल उपाय नाही. बेसिस्ट असताना डावा हात एक सप्तक वर न्यावा किंवा उचलावा, हे त्याच्याशी तालमीतच बोलून घ्यावं.

बेसचा नॉब ४० वर कधी ठेवायचा? जिथे सबवूफर चांगले आहेत आणि जागा मोकळी आहे, तिथेच. बंदिस्त हॉलमध्ये, विशेषतः बाल्कनीखालच्या रांगांत, ४० वाढवलं की नुसती घरघर ऐकू येते, स्वर कोणता ते कळत नाही. लहान स्पीकरवर तर ४० वाढवून काहीच मिळत नाही. स्पीकर ते वाजवू शकत नाही, अ‍ॅम्प्लिफायरची ताकद मात्र तिकडे खर्च होते. पाच तारांच्या बेसवर खालची बी तार ३१ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणून लोक ४० कडे धावतात. पण ती बी कानाला स्पष्ट लागते ती तिच्या वरच्या उपस्वरांमुळे. तिला उठाव द्यायचा तर ८० आणि मिड जास्त उपयोगी पडतात.

पेडल कितीही नीट लावला तरी मिक्सरवरचं एक बटण त्यावर पाणी फिरवू शकतं, ते म्हणजे चॅनलवरचं लो-कट, खालचे स्वर कापणारं. पुष्कळ छोट्या मिक्सरवर ते ८० किंवा १०० हर्ट्झला असतं आणि मागच्या कार्यक्रमात त्या चॅनलवर गायकाचा माइक असेल तर दाबलेलंच राहतं. खुल्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. म्हणजे १०० चं लो-कट चारही खुल्या तारांचा पाया उडवतं. ‘दादा, बेसच्या चॅनलचं लो-कट काढलंय ना?’ एवढं साउंड चेकला नम्रपणे विचारून घ्या. डिजिटल मिक्सर असेल तर ते ३० ते ४० वर ठेवायला सांगा.

आता जोडणी. पेडलला बाहेर जाणारे तीन रस्ते आहेत. एक्सएलआर (माइकच्या केबलसारखी तीन पिनांची जोडणी) मिक्सरकडे जातो. साधा पाव इंची आउट अ‍ॅम्पकडे. तिसऱ्या, पॅरलल आउटमधून प्रक्रिया न झालेला मूळ सिग्नल मिळतो, तो ट्यूनरला द्यायला उत्तम. एक्सएलआरसाठी २० डीबी कमी करणारं बटण आहे. मिक्सरचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) अगदी तळाला नेऊनही आवाज फाटत असेल तर ते दाबा. पाव इंची आउटला १० डीबी वाढवणारं बटण आहे, ते अ‍ॅम्पच्या इफेक्ट रिटर्नमध्ये (सुरुवातीचा टोनचा भाग टाळणाऱ्या इनपुटमध्ये) थेट जायचं असेल तेव्हा कामाला येतं. स्टेजवर अ‍ॅम्प असेल तर शक्यतो इफेक्ट रिटर्नच वापरा. पुढच्या इनपुटमध्ये घातलं तर पेडलचा खळगा आणि अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पचा रंग एकमेकांवर चढतात आणि आवाज गढूळ होतो.

पेडलबोर्डवर याची जागा शेवटची. कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह, कोरस असे इतर इफेक्ट, सगळे याच्या आधी. याच्या पाव इंची आउटपुढे कोरस लावलात तर तो फक्त तुमच्या अ‍ॅम्पवर ऐकू येईल. एक्सएलआरमधून लोकांकडे जाणाऱ्या आवाजात त्याचा मागमूसही नसेल. स्टेजवर सगळं छान वाटतं, म्हणून ही चूक बरेच दिवस कळत नाही.

वीज तीन प्रकारे मिळते: ९ व्होल्टची बॅटरी, ९ व्होल्टचा मधलं टोक ऋण असलेला अडॅप्टर किंवा मिक्सरकडून एक्सएलआर केबलमधूनच येणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम. फँटमवर चालणं ही मोठी सोय आहे, कारण पायाशी पॉवरची वायर लागत नाही. पण इथेच एक फसगत आहे. हम (विजेच्या लाइनचा घूं-घूं आवाज) येऊ लागला की ग्राउंड तोडायचं जे बटण आपण शोधतो, तेच या पेडलवर फँटमचंही बटण आहे. एक्सएलआरची एक नंबरची पिन तोडली की हम जातो, पण फँटमही जातं आणि आत बॅटरी नसेल तर पेडल मरतो. म्हणून फँटमवर चालवतानाही आत चांगली बॅटरी ठेवावी, आणि वाजवून झालं की इनपुटमधली केबल काढावी, नाहीतर बॅटरी उतरत राहते. मॉनिटरसाठी ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर (सिग्नल दोन ठिकाणी वाटणारी पेटी) मध्ये असेल तर त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने फँटम येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि फेडर उघडा असताना फँटम चालू-बंद करू नये. सबवूफरमधून जो धमाका होतो त्याने स्पीकर जाऊ शकतो. आधी चॅनल म्यूट, मग केबल, मग फँटम.

हम गेला नाही तर कारण बहुधा पेडलच्या बाहेर असतं. बोर्डाचा अडॅप्टर एका लाइनवर आणि मिक्सर दुसऱ्या लाइनवर, शेजारी दिव्यांचे डिमर, मागे जनरेटर. बोर्ड आणि मिक्सर एकाच लाइनवर आणून पाहा, अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवून पाहा, ऑडिओ केबल दिव्यांच्या केबलपासून दूर न्या आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका. पावसाळ्यात ओल्या मांडवात तारांना हात आणि ओठ माइकला, अशा माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

उणिवा आहेत. यात ट्यूनर नाही, कॉम्प्रेसर नाही, खालचा नको तो भाग कापणारा फिल्टर नाही. नॉब लहान आहेत आणि त्यांना कुठलंही संरक्षण नाही, त्यामुळे पिशवीतून काढल्यावर सेटिंग हललेलं असतंच. चंदेरी पेनाने खुणा करून ठेवा. ड्राइव्ह वाढवला की सुसकारा वाढतो. मांडवात तो कळत नाही, कानात घालायच्या इन-इअर मॉनिटरवर मात्र टोचतो. तिथे ट्रेबल आणि प्रेझेन्स दोन्ही एक घर खाली आणावेत. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं टोनचं सर्किट असलेला) लावला असेल आणि ड्राइव्ह तळाला असूनही आवाज फुटत असेल, तर आधी बेसवरचे टोनचे नॉब मध्यावर आणा.

किंमत आपल्याकडे एका बऱ्या सुरुवातीच्या बेसच्या आसपास जाते, म्हणून बेहरिंगरचा बीडीआय२१ चालेल का, हा प्रश्न येतोच. तो याच पहिल्या आवृत्तीच्या धर्तीवरचा आहे. महिन्यातून एखादा कार्यक्रम करणाऱ्याला त्यावर भागवता येईल. पण त्याची पेटी प्लास्टिकची आहे आणि मिडचा नॉब नाही. बँडमध्ये बेस ऐकू यायला जे लागतं नेमकं तेच त्यात नाही, म्हणून आठवड्याला वाजवणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

सॅन्सअ‍ॅम्प वापरलेला (सेकंडहँड) घेत असाल तर दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी नुसता हेडफोन लावून पाहणी करू नका. स्वतःची एक्सएलआर केबल आणि फँटम असलेला छोटा मिक्सर न्या. बॅटरी काढून फँटमवर चालतो का, ते बघा. फँटमचं बटण दोन-चार वेळा दाबून, चॅनल म्यूट ठेवून, दरवेळी दिवा लागतो का ते तपासा. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवून खरखर ऐका. इनपुटमध्ये केबल घालून जॅक चारही बाजूंनी हलकेच हलवा. आवाज तुटत असेल तर किंमत पाडून मागा, कारण जॅक बदलून घ्यावा लागेल.