‘सौभद्र’ किंवा ‘स्वयंवर’ बसवताय? रुक्मिणी पुरुषाला द्यावी की कृष्ण बाईला?

हौशी संस्थेने संगीत नाटक करायचं ठरवलं की भूमिका वाटतानाच घोडं अडतं. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुली भरपूर आणि गाणारा मुलगा एखाद-दुसरा, तोही तालमीला कधी येईल त्याचा नेम नाही. मग एकजण म्हणतो, कृष्ण मुलीलाच देऊ. दुसरा म्हणतो, बालगंधर्वांची परंपरा आहे, रुक्मिणी पुरुषाने करावी, तिकिटंही खपतील. वरवर पाहता दोन्ही सूचना एकाच जातीच्या वाटतात. माझ्या मते पहिली स्वस्तात जमते आणि बहुतेक वेळा पार पडते. दुसरीला सगळा प्रयोग त्या एका नटाभोवती उभा करावा लागतो.

परंपरेचं नाव घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा आणि किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं तेव्हा नायिका पुरुषाने करायची हे कोणी आवडीने ठरवलं नव्हतं. घरंदाज बाईला रंगमंचावर जागाच नव्हती. म्हणून भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले, पुढे 1905 मध्ये नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर कंपनीत शकुंतला म्हणून उभे राहिले. सक्तीतून थोर कला जन्मली, हे खरंच. पण आज ती सक्ती नाही. मग ‘नाथ हा माझा’, ‘मम आत्मा गमला’, ‘सुजन कसा मन चोरी’ अशी ‘स्वयंवर’मधली गाजलेली पदं रुक्मिणीच्या तोंडी असताना ती पुरुषाला दिली, तर संस्थेतल्या चांगल्या गाणाऱ्या मुलीच्या हाती काय उरतं? दासी. हा प्रश्न समितीच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने विचारायला हवा.

पट्टीचा हिशोब

निम्मा निर्णय इथेच होतो, पण बैठकीत यावर सगळ्यात कमी बोललं जातं. पट्टी म्हणजे गाणारा पेटीवरच्या ज्या स्वराला सा धरतो तो; काळी एक म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी. गाणाऱ्या पुरुषांची पट्टी साधारण काळी एक-काळी दोन, बायकांची काळी चार-काळी पाच. काळी एक ते काळी चार म्हणजे थेट पंचमाचं, सा ते प इतकं, अंतर. नायक-नायिका नेहमीप्रमाणे पुरुष आणि स्त्री असतील, तर प्रवेशात एकापाठोपाठ पदं येताना ऑर्गनवाल्याला दर वेळी पट्टी बदलावी लागते आणि तबलजीला दोन तबले लावून ठेवावे लागतात. एकच तबला काळी चारला लावून भागवणारेही आहेत, कारण काळी एकवाल्या गायकाला तो पंचम होतो. चालतं. पण पद मालकंस रागाच्या अंगाचं निघालं, तर त्यात पंचम वर्ज्य, आणि तबला दर समेला खटकत राहतो.

कृष्ण आणि रुक्मिणी दोघीही बायका असल्या की ही कटकट मिटते. दोघेही पुरुष असले तरी मिटते. 1921 च्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर होते, आणि केशवराव स्वतः लहानपणी ‘शारदा’ करून गाजलेले. मात्र सगळ्याच बायका असल्या, तर दोन-अडीच तास एकाच उंचीचा आवाज ऐकून कान कंटाळतो. खालचा आवाज कुठेतरी हवाच. म्हणून ‘सौभद्र’मध्ये बलराम पुरुषाकडेच ठेवा. त्याचा राग खर्जातून आला तरच पुढच्या सगळ्या लपवाछपवीला अर्थ येतो.

पुरुष नायिका करणार असेल, तर त्याला बायकी आवाज काढायला लावू नका. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐका, त्यात चोरटा, मुद्दाम बारीक केलेला आवाज नाही, मोकळा आहे. ‘स्वयंवर’च्या चालींमागे गवई भास्करबुवा बखल्यांचा हात आहे आणि त्या बालगंधर्वांच्या गळ्यासाठी बसल्या. म्हणजे आज रुक्मिणी करणारी बाई पुरुषासाठी बसवलेली पदं तिच्या पट्टीत उचलून गाते. हिराबाई बडोदेकर, जयमाला शिलेदार यांनी ते असं काही करून दाखवलं की आता कुणाला वेगळं वाटतही नाही.

बारा-तेरा वर्षांचा गोड गळ्याचा मुलगा मिळालाय म्हणून हुरळून जाऊ नका. तालमी सुरू होताना असलेला आवाज प्रयोगाच्या दिवशी फुटलेला असू शकतो. जुन्या कंपन्यांकडे त्याच्या जागी दुसरा पोरगा तयार असायचा. तुमच्याकडे नसणार.

डोळ्यांना काय दिसतं

मुकुट, शेला, अंगरखा, हार यांत बाईचा कृष्ण सहज बसतो. नारद तर निर्धास्तपणे बाईला द्या. वीणा, चिपळ्या, ‘राधाधर मधुमिलिंद’ म्हणत झालेला प्रवेश, आणि कुणाशी शृंगार नाही. अर्जुनाचं आणखी सोपं, कारण तो बराच वेळ यतीच्या, म्हणजे संन्याशाच्या, वेषातच असतो. दाढी, भगवी छाटी आणि दंड. वेषांतर कथेतच असल्यामुळे प्रेक्षक आधीच त्या खेळात सामील झालेला असतो. अडचण उंचीची येते. पाच फुटांचा कृष्ण आणि सहा फुटांचा बलराम शेजारी उभे राहिले की मागच्या रांगेतून खसखस पिकते. आणि ‘नच सुंदरी करू कोपा’ किंवा ‘प्रिये पहा’च्या प्रवेशात दोघींना किती जवळ यायचं आहे, ते पहिल्याच तालमीत त्यांना विचारून ठरवा, प्रयोगाच्या आदल्या रात्री नको.

पुरुषाच्या रुक्मिणीचं काम फार बारीक आहे. कंठमणी झाकायला चिंचपेटी लागते, दंड झाकायला लांब बाह्यांची चोळी. हे जमतं. चालणं जमायला महिने लागतात. पदर सावरताना कोपर किती बाहेर येतं, बसताना गुडघे आधी वाकतात की कंबर, इतकं सगळं बसवावं लागतं. जुने स्त्रीपार्टी नट वर्षानुवर्षं तेच करत होते. आपल्याकडे मिळून चाळीसेक तालमी, त्याही नोकरी सांभाळून.

शिवाय हशाचा धोका. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी साडीतला पुरुष म्हणजे हसायचं अशी सवय लावली आहे. पुणे-ठाण्याच्या प्रेक्षागृहात रुक्मिणीच्या पहिल्या प्रवेशाला हसू येणारच. पहिल्या पदातल्या पहिल्या तानेने ते बंद करण्याची ताकद नटात असेल, तरच या वाटेला जा. सिंधुदुर्गात मात्र हिशोब वेगळा. तिथे दशावतारात आजही पुरुष रात्रभर स्त्री भूमिका करतात आणि माणसं डोळे पुसत बघतात. तुमची संस्था कुडाळ-सावंतवाडीकडची असेल आणि असा कसलेला, गाणारा नट हाताशी असेल, तर मी वर लिहिलेलं बरंचसं बाजूला ठेवा.

‘संशयकल्लोळ’सारखं विनोदी नाटक असेल तर मोह आणखी होतो, कृत्तिका पुरुषाला देऊ, धमाल येईल. येईलही, पण देवलांच्या नाटकातला विनोद संशयाचा आहे, मिशीवरून हसवण्याचा नाही.

राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागासाठी बसवत असाल, तर अभिनयाची बक्षिसं स्त्री-पुरुष अशी वेगळी असतात. तुमचा कृष्ण कुठल्या यादीत बसेल, हे नियमावली पाहून आयोजकांना आधीच लेखी विचारा.

पक्कं करण्याआधी एक चाचणी घ्या. दोन्ही उमेदवारांना ऑर्गनवर स्वतःच्या पट्टीत एक पद आणि त्याला जोडून पानभर गद्य म्हणायला लावा. पदाच्या शेवटच्या सुरावरून बोलण्यात उतरताना आवाज पात्राचाच राहतो की स्वतःचा होतो, ते डोळे मिटून ऐका. आणि नाव एकदा ठरलं की कार्यक्रमपत्रिकेत इतरांसारखंच साधं छापा, ‘आश्चर्य म्हणजे ही भूमिका करत आहेत’ असली ओळ निवेदकाच्या हातात देऊ नका.