हॉटेलातला ‘गव्हर्नमेंट रेट’: वर्षभर वापरून आलेला अनुभव

मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे. प्रशिक्षण असो की सासूबाईंच्या तपासण्या, नागपूरला मुक्काम पडतोच. गेल्या पावसाळ्यापासून जिथे जाईन त्या हॉटेलात सरकारी कर्मचाऱ्यांचा सवलतीचा दर मागते. तो मिळतो आणि पैसेही वाचतात, पण ‘सरकारी’ कोणाला म्हणायचं हे प्रत्येक हॉटेल आपल्या मनाने ठरवतं.

खासगी हॉटेलचा हा दर म्हणजे शासनाने दिलेला हक्क नाही, हॉटेलची स्वतःची योजना आहे. दौऱ्याच्या भत्त्याशीही त्याची गल्लत करू नका. केंद्राच्या 2017 च्या आदेशात पगाराच्या लेव्हल 6 ते 8 च्या कर्मचाऱ्याला दौऱ्यावर हॉटेलसाठी रोज 750 रुपयांपर्यंत, तर लेव्हल 9 ते 11 ला 2250 रुपयांपर्यंत भरपाई ठरली होती. ती कार्यालय देतं. एलटीसीत (सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीत) तर हॉटेलचा खर्च धरतच नाहीत. परदेशी हॉटेल साखळ्यांच्या अ‍ॅपवर दिसतो तो गव्हर्नमेंट रेट अमेरिकेत तिथल्या सरकारी भत्त्याला धरून असतो. आपल्या ओळखपत्रावर तो चालेल का, हे त्या हॉटेललाच फोन करून विचारावं.

माझं ओळखपत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचं. एका ठिकाणी ते लगेच चाललं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, “झेडपी म्हणजे निमसरकारी, स्टेट गव्हर्नमेंट पाहिजे.” शालार्थ या शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतली स्लिप मोबाइलवर दाखवली, तेव्हा मॅनेजरने मान्य केलं. तेव्हापासून स्लिप जवळच ठेवते. काही जण दौऱ्याचा आदेशही मागतात, म्हणजे घरगुती कामासाठी गेलात तर दर नाही. नवरा एकटा गेला आणि माझं कार्ड दाखवलं, तर तेही चालत नाही. ते मला पटतं.

पटलं नाही ते वेगळंच. आमच्या आरोग्य उपकेंद्रातली कंत्राटी नर्स सोबत होती. काउंटरवरच्या पोराने तिचं कार्ड उलटून पाहिलं, मुदतीच्या तारखेवर अंगठा ठेवला आणि म्हणाला, “ताई, कंत्राटीला नाही भेटत, परमनंटच लागते.” लसीकरणाला पाड्यापाड्यावर तीच जाते. तिच्याहून कितीतरी जास्त पगार घेणाऱ्या मला सवलत आणि तिला पूर्ण दर, हे मला अजिबात मान्य नाही. मानधनावरच्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका तर या हिशेबात कुठेच नाहीत. हॉटेलवाल्यांनी सेवेचा प्रकार न पाहता चालू ओळखपत्र पाहावं, असं मी त्या मॅनेजरला लेखी दिलं आहे.

पैशाचं म्हणाल तर आधी साधा ऑनलाइन दर बघा. रद्द न होणारं बुकिंग कधीकधी सरकारी दरापेक्षाही स्वस्त पडतं. माझ्या अनुभवात सरकारी दराचा खरा फायदा म्हणजे ऐनवेळी रद्द करता येतं. प्रशिक्षणाच्या तारखा कशा बदलतात ते शिक्षकांना सांगायला नको. जीएसटी सवलतीनंतरच्या रकमेवरच लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीला तो 12 वरून 5 टक्के झाला आहे, तेव्हा बिल तपासा. सवलत आणि दुसरी ऑफर मला अजून एकत्र मिळालेली नाही.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की नागपुरात हा दर विचारूच नका. त्या दिवसांत मी वर्ध्याला मुक्काम करते आणि सकाळच्या गाडीने नागपूर गाठते.